एक तांदूळ, अनेक तांदूळ

शाळकरी मुलगा इंग्रजी निबंधात ‘राइसेस’ असे लिहितो आणि त्याखाली शिक्षकांची लाल रेघ उमटते. मुलगा बुचकळ्यात पडतो. घरी आई तांदूळ निवडते तेव्हा ते ‘चांगले’ निघतात. पोहे भिजवले जातात, गहू दळले जातात. शिजल्यावर मात्र त्याच तांदळांचा भात होतो, आणि भात एकच! मुलगा चुकतो खरा, पण मातृभाषेच्या व्याकरणाला धरूनच चुकतो, हे लाल रेघ ओढणाऱ्याच्या ध्यानी क्वचितच येते.

इंग्रजीत राइस कच्चा असो वा शिजलेला, तो अगणनीयच. दाणे मोजायचे झाल्यास ‘ग्रेन’ हा शब्द मध्ये घालावा लागतो. दाणा बारीक म्हणून मोजत नाहीत, मटार मोठा म्हणून मोजतात, असे पुष्कळदा शिकवले जाते. समजूत सोयीची आहे, पण टिकणारी नव्हे. ‘व्हीट’ एकवचनी आणि ‘ओट्स’ अनेकवचनी. या दोहोंच्या दाण्यांत एवढे अंतर कोठे आहे?

मटाराची हकीकत तर मोठी गमतीची. जुन्या इंग्रजीत ‘पीज’ हे एकवचन होते. शेवटचा ‘ज’ मूळ शब्दाचाच. सतराव्या शतकाच्या सुमारास लोकांनी तो अनेकवचनाचा प्रत्यय समजून छाटला आणि ‘पी’ हे नवे एकवचन घडवले. त्यांच्या वहीवर लाल रेघ ओढणारे कोणी नव्हते; चूक रूढ झाली आणि शुद्ध ठरली. ‘पीज पुडिंग’ या पदार्थाच्या नावात जुने रूप अजून टिकून आहे.

डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन याने 1924 च्या आपल्या ग्रंथात अशा अगणनीय शब्दांचे मर्म सांगितले: ज्या शब्दाने निश्चित आकाराची, निश्चित मर्यादेची वस्तू मनापुढे उभी राहत नाही, तो शब्द राशीवाचक. म्हणूनच ‘अ चिकन’ म्हणजे अख्खी कोंबडी आणि नुसते ‘चिकन’ म्हणजे तिचे मांस. पाहुण्याने जेवणात ‘अ चिकन’ खाल्ल्याचे सांगितले, तर यजमानीण चकित व्हायचीच.

पोर्तुगिजांकडून आलेला पाव आपण बेलाशक मोजतो. गोव्यातील गिऱ्हाइकाने ‘दोन पाव’चे ‘टू ब्रेड्स’ केले, तर इंग्रज दुकानदार पावाचे दोन प्रकार काढून ठेवील. नगावर पाव हवे असल्यास ‘लोफ’ म्हणावे लागते. चहाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांचे जमते. उपाहारगृहात तिकडे ‘टू टीज’ आणि इकडे ‘दोन चहा’. पेल्याचे नाव कोणीच घेत नाही.