दोन भाषांच्या मधोमध

बारावी झालेली मुलगी ‘मला भाषांतर शिकायचंय’ म्हणाली, की घरात पहिला प्रश्न येतो, ‘त्यात काय शिकायचं? दोन भाषा आल्या की झालं!’ तसं असतं तर आमच्या मोहल्ल्यातली सगळी पोरं पंडित झाली असती. घरी दखनी, शाळेत मराठी, मदरशात अरबी. पण बोलता येणं वेगळं आणि दुसऱ्याचं म्हणणं त्याच्या वजनासकट पोचवणं वेगळं.

मग मुलं हा विषय का घेतात? काहींना नोकरी दिसते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, जपानी शिकणाऱ्या अनेकांच्या मनात कंपनीतलं काम असतं. त्यात कमीपणा नाही. मुंबईत काळा घोड्याजवळ दुभाष मार्ग आहे. ‘दुभाष’ हे आडनावच मुळी दुभाष्याच्या धंद्यावरून आलेलं.

काहींचं कारण घरातलं असतं. मेळघाटातली आई कोरकू बोलते. ती मुंडा कुळातली भाषा. मराठी डॉक्टरांना ती कशी कळावी? मग शाळेत जाणारं पोर मधे उभं राहतं. आईच्या आजाराची वाईट बातमी त्यानंच आईला सांगायची! असं पोर मोठं झाल्यावर हे काम रीतसर शिकावंसं वाटलं, तर नवल नाही.

भाषांतरकाराला शब्दकोश उघडायला सवड असते, दुभाष्याला नसते. १९४५-४६च्या न्यूरेंबर्ग खटल्यात इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी काम चाललं. बोलणारा फार भरभर बोलू लागला की पिवळा दिवा लागे. थांबवायचं असेल तर लाल.

आपल्याकडेही आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला कळेल अशा भाषेत सांगावी, असं कायदा म्हणतो. आता साक्षीदार म्हणाला, ‘यानं त्याला मारलं.’ मारहाण केली, की जीव घेतला? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. इंग्रजीत एकच निवडावा लागतो. त्या एका क्रियापदावर कुणाचा तरी जन्म अडकलेला असतो.

आज यंत्र क्षणात भाषांतर करून देतं, तेव्हा पालकांची धास्ती मला समजते. साधी पत्रं यंत्र करील. पण इथं थांबून, ‘साहेब, साक्षीदाराला परत विचारू का?’ एवढं म्हणायला जबाबदारी घेणारा माणूस लागतो. तुमची मुलगी हेच शिकायला निघाली असेल, तर तिला अडवू नका.