कामाचा हिशेब चावडीवर वाचता आला पाहिजे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



गावोगाव पाणलोटाची कामे चालू आहेत. समित्यांचे अहवाल आमच्याकडे येतात. बहुतेकांत एकच वाक्य असते, 'काम प्रगतिपथावर आहे.' यातून कळले काय? कचेऱ्यांतून हेच ऐकून आपले कान किटले. आता आपणच एकमेकांना ते ऐकवायचे का?

अहवालात पाच गोष्टी हव्यात. ठरले किती, झाले किती, राहिले किती, का राहिले, आणि आता कोण कधीपर्यंत करणार. समजा, माळावर ६०० मीटर समतल चर खणायचे ठरले. मग असे लिहा : '३८० मीटर झाले, २२० राहिले. खाली कठीण मुरूम लागला. ज्वारीच्या काढणीमुळे माणसे मिळेनात. चार पहारी हव्यात. वरची आळी १५ एप्रिलपर्यंत पुरे करील.' एवढे वाचले की मदत कुठे पाठवायची ते आम्हांला कळते.

अडचण झाकू नका. मार्चमध्ये लिहिलेली अडचण मेपर्यंत निस्तरता येते. झाकून ठेवलेला अर्धवट बांध वळवाच्या पहिल्या सरीत फुटतो आणि खालच्या शेतकऱ्याची माती घेऊन जातो. तिथे कपाशी लावायची कशात?

आकड्यांची ताकद आपल्या नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने दाखवली. पोपटराव पवार १९८९ साली तिथे सरपंच झाले. पुढे ते गाव पाऊस मोजू लागले, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडू लागले. आधी माणसे, मग जनावरे, मग पिके. पाणी कमी असेल तर कोणते पीक घ्यायचे नाही, हे सगळ्यांसमोर ठरते. हेक्टरभर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी झाले. हा गुणाकार शाळेतले पोरही करील. पण पाऊस रोज मोजून वहीत लिहायला माणूस नेमावा लागतो.

खर्चाची ओळ विसरू नका. पैसा किती आला, कुठे गेला, शिल्लक किती. दुष्काळात समित्या तगून राहतात, संशयाने मात्र मोडतात.

म्हणून अहवाल एका कागदात बसवा. आधी चावडीवर मोठ्याने वाचा. ज्यांनी चर खणले त्या बायाबापड्यांना विचारा, आकडा बरोबर आहे का? त्यांनी मान डोलावली की सह्या-अंगठे घ्या, एक प्रत भिंतीवर लावा, आणि मगच दुसरी आमच्याकडे पाठवा.