लिओनार्दोचा उमेदवार



आजचा विषय कुमारवयीन वाचकांच्या कादंबरीचा. कामगार संघटनेच्या माणसाने यात कशाला शिरावे, असे काहींना वाटले असेल. पण जिच्याविषयी मी बोलणार आहे, त्या कादंबरीचा नायक उमेदवार आहे आणि उमेदवारांची गाऱ्हाणी ऐकण्यात माझी हयात गेली आहे.

अमेरिकन लेखिका ई. एल. कोनिग्सबर्ग यांची ‘द सेकंड मिसेस जियाकोंडा’ ही कादंबरी १९७५ साली निघाली. मांतुआच्या मार्क्वीसची पत्नी इझाबेला आपले चित्र काढून मिळावे म्हणून लिओनार्दोच्या मागे लागली होती. तिला सोडून त्याने फ्लॉरेन्सच्या एका रेशीमव्यापाऱ्याच्या बायकोचे, म्हणजे मोनालिसाचे, चित्र का रंगवावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना लेखिकेने उस्तादाऐवजी सलाई या पोराला पुढे आणले आहे.

हा सलाई कल्पनेतला नव्हे. २२ जुलै १४९० रोजी, वयाच्या दहाव्या वर्षी, तो मिलानमध्ये लिओनार्दोच्या घरी राहायला आला. दुसऱ्याच दिवशी त्याच्यासाठी दोन सदरे, विजार आणि बंडी बेतायला टाकली. त्यासाठी काढून ठेवलेले पैसे पोराने लांबवले! लिओनार्दोने हे वहीत टिपले आणि चोर, खोटारडा, हट्टी, खादाड असा शेरा मारला. पोराचे म्हणणे मात्र कोणी टिपून घेतले नाही. आमच्या भाषेत ही एकतर्फी चौकशी झाली. दुसरी बाजू मांडायची ती कादंबरीकारानेच, आणि वकील म्हणून कोनिग्सबर्ग मला पसंत आहेत.

माझी मागणी पुढची आहे. अशा कादंबरीत मुलांना काम दिसले पाहिजे. दगडी पाट्यावर रंग घोटणे, सरस उकळणे, फळीला लेपावर लेप देऊन ती घासणे, यात चित्रशाळेतल्या पोरांचे दिवस जात. हिंगूळ वीस वर्षे रोज घोटला तरी तो अधिकच चांगला होईल, असे चेन्निनो नावाच्या चित्रकाराने आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. त्याने स्वतः १२ वर्षे गुरूच्या हाताखाली काढली होती, म्हणून त्याला हे सांगण्याचा अधिकार होता. नुसत्या प्रतिभेच्या गोष्टी ऐकवल्या, तर कारखान्यात जाणाऱ्या आपल्या पोरांना चित्रकार म्हणजे आभाळातून पडलेला प्राणी वाटेल.

आणि पैशाचा उल्लेख कलेत गैर का मानावा? १४८८ साली तेरा वर्षांच्या मायकेल अँजेलोला बापाने गिर्लांदायोच्या हाताखाली ठेवले, तेव्हा तीन वर्षांचा रीतसर करार झाला. पहिल्या वर्षी ६ फ्लोरिन, दुसऱ्या वर्षी ८, तिसऱ्या वर्षी १०. उमेदवाराला पगार, आणि तोही चढता! असा करार पदरात पाडून घेताना आम्हाला किती खेटे घालावे लागतात, ते आम्हालाच ठाऊक.

सलाईच्या हाती काय लागले, असे तुम्ही विचाराल. शेरा मारूनही लिओनार्दोने त्याला घालवून दिले नाही. पंचवीस वर्षांवर तो जवळ राहिला आणि स्वतः चित्रकार झाला. १५१९ सालच्या मृत्युपत्रात लिओनार्दोने मिलानच्या वेशीबाहेरची आपली अर्धी बाग त्याच्या नावे केली. त्या बागेत सलाईने आधीच आपले घर बांधले होते.