नाक पुसायचं राहिलं

(पुष्प सातवे)

अध्यक्षमहाराज आणि एवढ्या उकाड्यात पंख्याखालच्या खुर्च्या धरून बसलेले श्रोतेहो,

सार्वजनिक ठिकाणी दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो काढताना कसं वागावं, असा विषय पत्रिकेत छापलाय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आईबापांना विचारा, पण मुलालाही विचारा. आणि काढलेला फोटो त्याला दाखवा. न दाखवलेला फोटो ही उधारी. चाळीस वर्षं कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडलो, हाती एवढंच लागलंय.

रघू राय यांचं भोपाळ वायुदुर्घटनेतल्या मुलाचं छायाचित्र तुमच्या डोळ्यांसमोर आहेच, त्यावर बोलत नाही. हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगीही माहीत आहे. स्टीव्ह मॅककरी यांनी 1984मध्ये पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत तिचा फोटो काढला, जून 1985मध्ये तो 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला. तिचं नाव शरबत गुला, हे कळलं 2002मध्ये. तोवर तिनं स्वतः तो पाहिलासुद्धा नव्हता! अख्ख्या जगानं पाहिला, तिचा राहिला.

आता कायदा... त्याआधी वारीतली एक गोष्ट, दोन मिनिटांत. (हशा) हसताय काय, घड्याळ लावा.

1994ची वारी. दिवे घाटात आम्ही फोटोवाले पहाटेपासून दगडांवर जागा अडवून बसलेलो. एका दिंडीत डोक्यावर तुळस घेतलेली आजी आणि तिच्या पदराला धरून सहा-सात वर्षांची नात. चिखलानं माखलेले पाय, नाकातून शेंबूड, डोळे थेट माझ्याकडे. काढला. विचारलं कुणाला? कुणालाच नाही. फोटोला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, परीक्षकांनी 'निरागसता' वगैरे शब्द वापरले. मीही वापरले.

मागून कुणीतरी म्हणतंय, रस्ता सार्वजनिक आहे. आहे ना! मग रस्त्याचा काढा. (टाळ्या) नाही, चिडलो नाही मी. तेव्हा मीही हेच म्हणायचो.

फोटोत दिंडीचा क्रमांक आला होता. पुढच्या वर्षी मोठी प्रिंट घेऊन सासवडच्या मुक्कामी त्या दिंडीचा तंबू शोधला. आजी भाकऱ्या थापत होत्या. हात पुसून त्यांनी फोटो घेतला, कपाळाला लावला. नात आली, बघितलं आणि पालथा घातला. "नाक पुसायचं की आधी," म्हणाली. "ह्यो नको. दुसरा काढ."

मग तिनं तोंड धुतलं, वेणी घातली, ट्रकला टेकून सरळ उभी राहिली. हात शिपायासारखे अंगाला चिकटलेले, हसू नाही. स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद होईल असा फोटो. आजी म्हणाल्या, "आता आमची पोर दिसली बघा." तोच त्यांच्या घरी भिंतीवर लागला. त्या भिंतीची गोष्ट वेगळीच आहे, तिथं गेलो तेव्हा...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

कायदा, धावतपळत. रस्त्यावर मुलाचा फोटो काढूच नये, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करायला मात्र 2012च्या पॉक्सो कायद्याची बंदी आहे. बाल न्याय कायदा 2015, कलम 74 हेही वाचा. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, पण खासगी, घरगुती वापर वगळलाय. तेव्हा सोसायटीच्या स्नेहसंमेलनातली शेजाऱ्यांची पोरं स्टेटसवर लावणाऱ्या पुढच्या रांगेतल्या आजोबांनी लगेच घाबरू नये. (हशा) त्या पोरांना एकदा दाखवा मात्र. कुठली काढून टाकायची ते तीच सांगतील.

घंटा वाजली. दाराजवळच्या टेबलावर ट्रकला टेकलेला फोटो ठेवलाय, बघून जा. ती मुलगी आता दोन पोरांची आई आहे. लोकांना दाखवू का, म्हणून परवा फोन केला. "त्यो नाकाचा न्हाई ना?" एवढंच विचारलं तिनं. नाही, म्हणालो. नाकाची गोष्ट सांगणार आहे, हे मात्र बोललो नाही.