जुनी मोटार आणि बोअरचे पाणी



मारुती ८०० ही मोटार १९८३ साली आली, २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तेव्हा कंपनीच्या वॉरंटीची बातच नको! विकणारा तोंडी हमी देईल. ती कागदावर घ्या.

लातूर-नांदेडच्या उन्हाळ्यात इंजिन तापले, की आपण काय करतो? बोअरची कळशी रेडिएटरमध्ये रिकामी करतो. अहो, ज्या जड पाण्यात डाळ शिजेना, ते इंजिनाला कसे मानवेल? पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर बसतो ना, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. पाणी फिरेनासे होते, हेडचे गॅस्केट जाते, नि खर्च हजारांत. बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड पाणी कूलंटमध्ये मिसळून घाला. झाकण मात्र इंजिन थंड झाल्यावरच उघडा. उकळते पाणी थेट तोंडावर उडते.