मोटारीच्या पोटाखालचें आवरण

नवी मोटार दारांत आली म्हणजे घरांतील मंडळी तिच्याभोंवतीं फिरून तिचा रंग न्याहाळतात, दारें उघडून पाहतात, आंत बसून पाहतात. वांकून तिच्या पोटाखालीं पाहण्याची बुद्धि मात्र सहसा कोणास होत नाहीं. पुढें एखाद्या दिवशीं गतिरोधकावरून जातांना खालून खरखर ऐकूं येते, रस्त्याला कांहींतरी घासत असल्याचा भास होतो, आणि मग प्रथमच कळतें कीं, मोटारीला वरच्याप्रमाणें खालूनहि एक आवरण असतें. कारागीर त्याला 'अंडरकव्हर' म्हणतात. तें फुटलें तर काय करावें, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु हायब्रिड मोटारीच्या बाबतींत त्याचें उत्तर विचारपूर्वक देणें अगत्याचें असतें.

हायब्रिड मोटार म्हणजे पेट्रोलचें इंजिन आणि विजेची मोटर यांची भागीदारी. टोयोटा कंपनीनें १९९७ च्या डिसेंबरांत जपानमध्यें 'प्रियस' ही मोटार विक्रीस आणली आणि ही भागीदारी सामान्य गृहस्थाच्या आटोक्यांत आली. साध्या मोटारींत ब्रेक लावतांना गतीची शक्ति उष्णता होऊन वायां जाते; हायब्रिड मोटारींत तिचा बराच अंश विजेच्या रूपानें बॅटरींत परत सांठविला जातो. मात्र एक खर्च या काटकसरी मोटारीलाहि वसूल करतां येत नाहीं. तो म्हणजे हवेला बाजूस सारण्याचा. वाऱ्याला दिलेली शक्ति वाऱ्याबरोबरच जाते. शिवाय वेग दुप्पट झाला कीं हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्यावर मात करण्यास दर क्षणाला लागणारी शक्ति आठपट होते. म्हणूनच या मोटारींच्या आकारावर रचनाकारांनीं एवढे परिश्रम घेतले. हवेचा विरोध मोजण्याचा जो गुणांक आहे, तो प्रियसच्या २००३ सालच्या आवृत्तींत ०.२६ होता, २००९ सालीं तो ०.२५ वर आणि २०१५ सालीं ०.२४ वर आला. या यशांत उतरत्या छपराप्रमाणेंच खालच्या सपाट आवरणाचाहि वांटा आहे.

आवरण नसेल तर मोटारीची खालची बाजू म्हणजे नळ्या, दांडे आणि खांचा यांचें जंगलच असतें. प्रत्येक उंचवट्यापाशीं हवा अडखळते आणि भोंवरे उठतात. आवरणामुळें तीच हवा सरळ मागें निघून जाते. चिखल, पाणी आणि उडणारे खडे यांपासून वरच्या भागांचें रक्षण होतें आणि आवाजहि कमी येतो. हीं आवरणें एकाच जातीचीं नसतात. इंजिनखालीं बहुधा प्लॅस्टिकचें आवरण असतें. बैठकींखालीं प्लॅस्टिकचें किंवा दाबलेल्या तंतूंच्या जाड नमद्यासारखें असतें. धूर वाहून नेणाऱ्या नळीजवळ जो पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा दिसतो, त्याचें काम मात्र निराळें आहे. तो वाऱ्यासाठीं नसून उष्णतेला आडवा धरलेला पडदा आहे. हा भेद दुरुस्तीच्या वेळीं विसरतां कामा नये.

आवरण मोडण्याचीं कारणें साधीं असतात. मोटार उभी करण्याच्या जागीं चाकें अडविण्यासाठीं सिमेंटचा ठोकळा असतो. पुढचा भाग त्याच्यावर चढतो आणि मागें घेतांना आवरणाची कड अडकून उपटली जाते. अमेरिकेंत किंवा जपानांत हिमाचा कठीण ढिगारा हेंच करतो. आपल्याकडे तें काम गतिरोधक आणि पावसाळ्यांतील तुंबलेलें पाणी करतें. घाईची दुरुस्ती हेंहि एक कारण आहे. तेल बदलण्यासाठीं दहा क्लिपा काढल्या आणि परत बसवितांना सातच बसविल्या, असें घडतें. राहिलेल्या तीन क्लिपा पुढच्या कडेच्या असतील तर तेथूनच वारा आंत शिरतो आणि आवरणाला थरथरवून बाकीच्या क्लिपाहि सैल करतो.

यावर झटपट उपाय सुचविला जातो तो असा कीं, लोंबणारा भाग सुरीनें कापून टाकावा. मोटार त्यानें बंद पडत नाहीं, म्हणूनच हा सल्ला लवकर पटतो. परंतु पुढची कड मोकळी राहिलेला तुकडा शिडासारखा वारा धरतो. आज ना उद्यां उरलेल्या क्लिपा तुटतात आणि भर वेगांत तो तुकडा मागें भिरकावला जातो. मोटारींतील मंडळींना त्याचा पत्ताहि नसतो. मागून मुलाला पुढें बसवून दुचाकीवर येणाऱ्या माणसाच्या मात्र तो तोंडावर येतो. पेट्रोल थोडें अधिक जळणें हा ज्याचा त्याचा तोटा झाला. हा दुसरा तोटा परक्याच्या जिवाचा आहे. म्हणून वाटेंत आवरण लोंबूं लागलें तर मोटार रस्त्याच्या सुरक्षित कडेस थांबवावी, धुराची नळी निवूं द्यावी आणि तें आवरण प्लॅस्टिकच्या बंदानें घट्ट बांधावें. तें जमत नसेल तर दुरुस्ती करणाऱ्यालाच तेथें बोलवावें. घरघर ऐकत तसेंच पुढें जाऊं नये.

दुरुस्तीसाठीं खालीं शिरण्यापूर्वीं तीन गोष्टी पाळाव्यात. हायब्रिड मोटार निःशब्द उभी असली तरी ती बंद असतेच असें नाहीं; बॅटरीला गरज भासतांच इंजिन आपोआप सुरू होतें. म्हणून ती पूर्णपणें बंद करून किल्ली दूर ठेवावी. दुसरें, केवळ जॅकवर तोललेल्या मोटारीखालीं कधींहि जाऊं नये. भक्कम स्टँड लावावेत आणि चाकांना अडसर द्यावा. तिसरें, नारिंगी रंगाच्या तारांना हात लावूं नये. मागच्या बॅटरीपासून पुढच्या यंत्रापर्यंत तळाखालून जाणाऱ्या या तारांना नारिंगी वेष्टण दिलेलें असतें तें इशाऱ्यासाठींच. २००३ सालच्या प्रियसमध्यें या बॅटरीचा दाब २०१.६ व्होल्ट होता, म्हणजे घरांतील विजेहून फारसा कमी नव्हे. आवरण ज्या धक्क्यानें फुटलें त्याच धक्क्यानें तें वेष्टणहि खरचटलें असेल, तर काम तेथेंच थांबवावें आणि या विद्येचें शिक्षण घेतलेल्या कारागिरास बोलवावें.

एवढें पाहून झालें कीं, दुरुस्ती कीं बदल हें ठरवितां येतें. भोंक फाटलें असेल, पण भोंवतालचें प्लॅस्टिक शाबूत असेल, तर मोठा वॉशर घालून काम भागतें. चीर गेली असेल तर तिच्या टोंकाला बारीक भोंक पाडावें, म्हणजे ती पुढें धांवत नाहीं. मग दोन्ही कांठांना भोंकें पाडून प्लॅस्टिकच्या बंदानें ती गोधडीसारखी शिवावी. मात्र भोंकें पाडावयाचीं तीं आवरण खालीं काढून घेऊनच. साधा गोंद येथें बहुधा उपयोगी पडत नाहीं, कारण आवरण पुष्कळदां पॉलिप्रॉपिलीनचें असतें आणि त्यावर गोंद नीट धरत नाहीं. त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी तापवून केलेला सांधा अधिक टिकतो. उष्णतेच्या पडद्याला मात्र प्लॅस्टिक लावूं नये. त्याचें भोंक गंजून मोठें झालें असल्यास धातूचा रुंद वॉशर घालावा, आणि तो पडदा काढून फेंकून तर मुळींच देऊं नये.

पुढची कडच तुटून गेली असेल, मोठा तुकडा गहाळ झाला असेल, किंवा तंतूंचें आवरण पाणी पिऊन फुगलें व फाटलें असेल, तर बदलच करावा. नवें आवरण मागवितांना मोटारीच्या चासीचा क्रमांक द्यावा. एकाच नांवाच्या दोन सालांच्या मोटारींचीं आवरणें निरनिराळीं असूं शकतात. त्याबरोबर नव्या क्लिपाहि घ्याव्यात, कारण जुन्या क्लिपांची पकड गेलेली असते. गंजलेले बोल्ट जोरानें न पिळतां तेल सोडून कांहीं वेळ थांबावें. बसवितांना सर्व बोल्ट प्रथम हातानें अर्धेमुर्धे लावावेत, आवरण सरळ झाल्यावर मगच पान्ह्यानें आवळावेत. क्लिपेच्या जागीं हाताला लागेल तो लांब स्क्रू ठोकूं नये. वर काय आहे हें खालून दिसत नाहीं.

काम संपल्यावर मालकानें कारागिरापाशीं एक साधी विचारणा करावी: किती क्लिपा काढल्या आणि किती परत बसविल्या? दोन्ही आंकडे सारखे आले तर आवरणाची चिंता पुष्कळ दिवस करावी लागत नाहीं. पुढें दर वेळीं तेल बदललें कीं हाच प्रश्न विचारावा आणि निघण्यापूर्वीं एकदां वांकून पाहावें. त्या वांकण्याला दोन मिनिटें पुरतात. मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठीं तेवढीं खर्च करावयास हरकत नसावी.