व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाचा संच निवडताना

व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक घरी जोडू इच्छिणारा मनुष्य प्रथम वॅटचा आकडा पाहतो, आणि तेथेच फसतो. वॅट दुप्पट झाले तरी आवाज अवघ्या ३ डेसिबेलांनी चढतो. १९४७ साली विल्यमसन या अभियंत्याने 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकात प्रसिद्ध केलेली नामांकित रचना १५ वॅटांचीच होती. परंतु तिच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरविषयीच्या त्याच्या अटी फार कडक होत्या. व्हॉल्व्हच्या हजारो ओहमांचा आणि कर्ण्याच्या ८ ओहमांचा मेळ तोच घालतो. संचाचा कस तेथेच लागतो. १९५९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या 'डायनाको स्टीरिओ ७०' या संचात असा उत्तम ट्रान्सफॉर्मर असे, शिवाय बारीक डागकामाची पाटी कारखान्यातूनच तयार येई. नवशिक्यास याहून मोठी सोय ती कोणती?

मात्र पैसे मोजण्यापूर्वी सोबतची पुस्तिका वाचावी. अशा यंत्रात ४०० व्होल्टांच्या आसपास दाब खेळतो, आणि वीज बंद केल्यावरही कंडेन्सरांत तो प्राणघातक प्रमाणात शिल्लक राहू शकतो. त्याचा निचरा करून मीटरने खात्री केल्यावाचून आत हात घालू नये, हे जिच्यात आरंभीच ठळकपणे बजावलेले नाही, त्या पुस्तिकेचा संच कितीही स्वस्त असला तरी दुकानातच राहू द्यावा.